फुगा सरकारी, आवाज सार्वजनिक

भारतीय प्रमाणवेळेनुसार पहाटेचे साडेपाच आणि संध्याकाळचे साडेपाच या दोन वेळांना हवामानशास्त्रात खास मान आहे. ग्रीनिचच्या घड्याळात तेव्हा मध्यरात्र आणि दुपारचे बारा झालेले असतात. या दोन वेळा साधण्यासाठी जगातल्या सुमारे 800 ते 900 ठिकाणांहून, थोडे आधी, हायड्रोजन किंवा हेलियम भरलेले रबरी फुगे सोडले जातात. प्रत्येक फुग्याच्या दोरीला रेडिओसोंड नावाची छोटी पेटी लटकत असते. ती वर जाताना तापमान, आर्द्रता आणि स्वतःचे ठिकाण मोजते आणि रेडिओलहरींवरून खाली कळवत राहते. वेधशाळेसाठी केलेले हे प्रसारण जर्मनी, पोलंड, नेदरलँड्स, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांतले हजारो हौशी लोकही घरबसल्या ऐकतात, फुगा कुठे चालला आहे ते नकाशावर पाहतात आणि पेटी जमिनीवर आली की शेतात, जंगलात जाऊन शोधून काढतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे रिकामपणाचे उद्योग वाटतात. छंदाच्या बाजूने बोलणारे मग दोन ठरलेली उत्तरे देतात: याने विज्ञानाला मदत होते आणि कचरा कमी होतो. ही दोन्ही उत्तरे अर्धीच खरी आहेत. या छंदाची खरी किंमत तिसऱ्याच गोष्टीत आहे. सरकार आपल्या नावाने आणि आपल्या पैशाने जे मोजते, ते मोजमाप होत असतानाच नागरिकाला स्वतः तपासता येईल अशी जी थोडी ठिकाणे उरली आहेत, त्यातले हे एक आहे. म्हणूनच त्याला नुसते सहन न करता हवामान खात्यांनी त्याच्यासाठी दार उघडले पाहिजे, भारतात तर विशेषच.

आधी हा प्रकार चालतो कसा ते नीट पाहू, कारण सगळा युक्तिवाद त्या तपशिलावर उभा आहे. आज जगात मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी पेटी म्हणजे फिनलंडच्या वायसाला कंपनीची 2013 मध्ये बाजारात आलेली आरएस-41. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, आत पेन्सिल सेलच्या मापाच्या दोन लिथियम बॅटऱ्या, एक छोटा प्रोसेसर, जीपीएसचा ग्राहक आणि जेमतेम 60 मिलीवॉट ताकदीचा प्रक्षेपक. फुगा सेकंदाला सुमारे 5 मीटर वेगाने चढतो. दीड-दोन तासांत तो 30 ते 35 किलोमीटर उंची गाठतो. वर हवेचा दाब कमी होत गेल्याने तो फुगत फुगत शेवटी फुटतो आणि पेटी छोट्या पॅराशूटने खाली येते. या सगळ्या प्रवासात ती दर सेकंदाला एक संदेश पाठवते. हवामानाच्या कामासाठी राखलेल्या 400 ते 406 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हे प्रसारण चालते. संदेशात पेटीचा अनुक्रमांक, जीपीएसचे आकडे, संवेदकांची कच्ची मोजमापे आणि चुकांची दुरुस्ती करता यावी म्हणून जोडलेले जादा अंक असतात. आणखी एक गंमत म्हणजे कारखान्यात त्या विशिष्ट संवेदकासाठी ठरवलेली अंशांकनाची माहितीही ती 51 तुकड्यांत विभागून आळीपाळीने सांगत राहते. म्हणजे कोणीही मिनिटभर नीट ऐकले, तर कच्च्या आकड्यांचे अंशसेल्सिअस कसे करायचे याची किल्लीही त्याच्या हाती येते.

हे ऐकायला लागणारे सामानही किरकोळ आहे. संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी बनवलेल्या स्वस्त यूएसबी डोंगलमधली एक विशिष्ट चिप वारंवारतांचा बराच रुंद पट्टा पकडू शकते, हे 2012 च्या सुमारास तंत्रज्ञांच्या ध्यानात आले आणि तेव्हापासून रेडिओ ग्राहकाचे बरेचसे काम सॉफ्टवेअरकडे गेले. असे डोंगल, साधारण 18 सेंटिमीटरची उभी तार आणि एखादा जुना संगणक एवढ्यावर काम भागते. पेटीचा आवाज क्षीण असला तरी ती उंचावर असते, त्यामुळे क्षितिजाचा अडसर राहत नाही. 30 किलोमीटर उंचीवरून दिसणारे क्षितिज 600 किलोमीटरहून दूर असते. गच्चीवर अँटेना लावणाऱ्याला शेजारच्या देशातला फुगाही ऐकू येतो तो यामुळे. उलट पेटी जमिनीवर पडली की तोच आवाज झाडाझुडपांत विरतो आणि जवळ जाऊनच ऐकावा लागतो. स्वयंसेवकांनी या संदेशांची उकल करणारी सॉफ्टवेअर लिहून सर्वांसाठी खुली केली. सोंडहब नावाच्या स्वयंसेवी नकाशावर जगभरच्या अशा घरगुती केंद्रांनी ऐकलेले आकडे एकत्र येतात आणि वाऱ्याच्या अंदाजावरून पेटी कुठे उतरेल याचे भाकीतही दिसते. यामागे कोणतीही मोठी कंपनी नाही आणि पाहायला पैसे पडत नाहीत.

आता विज्ञानाला होणाऱ्या मदतीचा दावा तपासू. हौशी केंद्रांनी पकडलेले आकडे हवामानाच्या अंदाजासाठी सहसा वापरले जात नाहीत, आणि त्याचे कारण सरळ आहे. ज्या वेधशाळेने फुगा सोडला तिच्याकडे चांगली अँटेना असते, सोडण्यापूर्वी केलेली तपासणी असते, सूर्याच्या उष्णतेने संवेदक तापतो त्याची दुरुस्ती करणारी सूत्रे असतात. तिची मोजमापे आंतरराष्ट्रीय जाळ्यातून काही मिनिटांत सगळ्या देशांच्या संगणकांपर्यंत पोहोचलेली असतात. हौशी माणसाच्या पडद्यावरची आर्द्रता तितकी शुद्ध नसते. एका बाबतीत मात्र हौशी ऐकणारे काळाच्या पुढे होते. पूर्वी बहुतेक वेधशाळा फुगा फुटला की काम संपले असे मानून ऐकणे थांबवत. हौशी लोकांना तर पेटी कुठे पडते याचीच ओढ, त्यामुळे त्यांनी उतरणीचे आकडे सुरुवातीपासून जमवले. पुढे जर्मनीसारख्या देशांच्या हवामान सेवांनीही उतरणीची मोजमापे गोळा करायला घेतली आणि युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या अंदाज केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी ती कितपत वापरण्याजोगी आहेत याचा अभ्यास केला. पण हे छंदामुळे घडले असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. विज्ञानाचे उपकारकर्ते म्हणून मिरवण्याची गरज या छंदाला नाही. तसे मिरवले, तर उद्या एखादा अधिकारी विचारेल की तुमच्या आकड्यांचा आम्हाला काय उपयोग, आणि त्याला उत्तर देता येणार नाही.

कचऱ्याचा मुद्दा याहून थोडा वजनदार आहे. 800 ठिकाणांहून दिवसाला दोन असा हिशेब धरला, तर वर्षाला पावणेसहा लाखांच्या आसपास पेट्या आकाशात जातात आणि बहुतेक पुन्हा कोणाच्या हाती लागत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने पूर्वी पेटीसोबत परतीची पाकिटे जोडून पाहिली. वर्षाला सोडल्या जाणाऱ्या सुमारे 75,000 पेट्यांपैकी 20 टक्क्यांहून कमी परत येतात, असे तिचेच सांगणे होते. युरोपात तर पेटी परत करण्याची अपेक्षाच बहुधा नसते. हौशी शोधक जे उचलतात ते वाया जात नाही हे खरे. आरएस-41 मधला प्रोसेसर, जीपीएस आणि प्रक्षेपक नव्या सॉफ्टवेअरने पुन्हा कामाला लावता येतात, आणि परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली, मंडळी त्यांतून स्वतःच्या फुग्यांसाठी ट्रॅकर बनवतात. पण शोधकांची दाट वस्ती असलेला युरोपचा तुकडा सोडला, तर समुद्रात, वाळवंटात, बर्फात पडणाऱ्या पेट्यांचे काय? त्या तशाच राहतात. शिवाय एक पेटी आणायला मोटारीतून शंभर किलोमीटर जाणाऱ्याने पर्यावरणाचे नाव घेऊ नये हेच बरे. कचरा कमी करायचा तर पेटीचे सुटे भाग आणि आवरण बदलावे लागेल. ते काम कारखानदाराचे आणि खरेदी करणाऱ्या सरकारी खात्यांचे आहे. हौशी लोकांच्या पिशवीत ते मावणार नाही.

मग उरते काय? उरते ती सामान्य माणसाची या मोजमापातली जागा, आणि तिचा इतिहास मोठा बोलका आहे. रेडिओसोंड जन्माला येण्याआधीही फुगे वर जात होते. वातावरणाच्या वरच्या थरात ठरावीक उंचीनंतर तापमान घसरायचे थांबते, हा शोध फ्रान्सचे तेसरेन द बोर आणि जर्मनीचे आसमान यांनी 1902 मध्ये अशाच फुग्यांच्या आधारे जाहीर केला. त्या काळी फुग्यासोबतचे यंत्र आपली मोजमापे पत्र्यावर किंवा काजळी धरलेल्या कागदावर ओरखडत असे. यंत्र कोणाला सापडून परत आले तरच ते ओरखडे वाचता येत, म्हणून यंत्रावर परत करण्याची विनंती आणि बक्षिसाचे आश्वासन असलेली चिठ्ठी असे. म्हणजे शेतात काम करणारा अनोळखी माणूस हा त्या विज्ञानातला अनिवार्य दुवा होता. भारतही यात मागे नव्हता. आग्ऱ्याच्या वेधशाळेतून सोडलेल्या अशा फुग्यांच्या आणि इतर देशांतल्या मोजमापांच्या आधारे भारतीय हवामान खात्यातले के. आर. रामनाथन यांनी 1929 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले की पृथ्वीभोवतालची सर्वांत थंड हवा ध्रुवांवर नसून विषुववृत्ताच्या डोक्यावर सुमारे 17 किलोमीटर उंचीवर आहे. त्या निष्कर्षामागे हाती लागलेले यंत्र इमानाने परत करणाऱ्या कितीतरी निरक्षर हातांचाही वाटा होता. त्याच सुमारास, 1929 मध्ये फ्रान्सचे रोबेर ब्यूरो आणि 1930 मध्ये सोव्हिएत संघाचे पावेल मोलचानोव यांनी फुग्यावरून रेडिओने मोजमापे पाठवून दाखवली. आता यंत्र परत येण्याची गरज उरली नाही. विज्ञानाचा वेग वाढला, पण सामान्य माणूस त्या साखळीतून गळाला तो कायमचा. पुढे 1940 च्या दशकात भारतीय हवामान खात्याने पुण्यात वाऱ्याने फिरणाऱ्या पंख्यावर चालणारे स्वतःचे रेडिओसोंड बनवले, तोवर हा बदल पक्का झाला होता.

गळालेल्या या माणसाकडे आज काय येते? मोबाइलवर ढगाचे चित्र आणि पावसाची टक्केवारी. ते चित्र कोणत्या मोजमापातून आले, कोणी घेतले, कधी घेतले, याचा पत्ता नसतो. अंदाज खरा ठरला तर अॅपची कमाल, चुकला तर हवामान खात्याची खिल्ली, अशी आपली वाटणी ठरलेली आहे. ज्याने एकदा तरी फुग्याचा प्रवास सेकंदासेकंदाला पाहिला, त्याला अशी सोपी खिल्ली उडवणे जड जाईल. मुंबईचेच उदाहरण घ्या. पावसाळ्यात इथून सुटलेला फुगा पहिल्या काही किलोमीटरपर्यंत समुद्रावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांबरोबर सह्याद्रीच्या दिशेने सरकतो. मग 14-15 किलोमीटर उंचीवर तो पूर्वेकडून वाहणाऱ्या जोरदार झोताच्या तावडीत सापडतो आणि मागे वळून अरबी समुद्राकडे जातो. हा पूर्वेचा झोत म्हणजे मान्सूनचा कणा. त्याची सविस्तर मांडणी 1958 मध्ये पी. कोटेश्वरम यांनी केली ती फुग्यांच्याच मोजमापांवर. हिवाळ्यात नागपूरच्या फुग्याची दिशा वरच्या पश्चिमी वाऱ्यांमुळे पूर्वेकडची असते, तर विदर्भात गारपिटीची शक्यता वर्तवताना गोठणबिंदूची उंची आणि हवेतली अस्थिरता याच फुग्याच्या आकड्यांवरून पाहतात. शाळेच्या पुस्तकातला मान्सून म्हणजे नकाशावरचे दोन बाण. पेटीचा माग काढणाऱ्याला तो उंचीप्रमाणे दिशा बदलणारा, त्या दिवशीचा, खराखुरा वारा म्हणून भेटतो. या समजुतीची किंमत पैशात सांगता येत नाही, पण ज्या समाजाची शेती, वीज आणि पाणी अंदाजावर बेतलेले आहे, त्याला अंदाज कसा बनतो हे ठाऊक असलेल्या माणसांची गरज आहे यात शंका नसावी.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे देखरेख. फुगा उडतो तेव्हा कोणाला कळत नाही, आणि उडायचा थांबला तरी कळत नाही. रशियाने 2015 मध्ये आपल्या अनेक केंद्रांवरचे दिवसाचे दोन फुगे एकावर आणले. जगाच्या एवढ्या मोठ्या भूभागावरची निम्मी मोजमापे गेली, तरी ही गोष्ट तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारशी चर्चेत आली नाही. दहा वर्षांनी, 2025 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या हवामान सेवेने मनुष्यबळाच्या टंचाईमुळे अलास्कातल्या कॉट्झब्यूचे फुगे बेमुदत थांबवले आणि मार्चमध्ये ओमाहा व रॅपिड सिटी इथले थांबवून आणखी काही केंद्रांवर दिवसाला एकच सोडायचे ठरवले. या वेळी मात्र गोष्ट वर्तमानपत्रांत आणि लोकप्रतिनिधींपर्यंत गेली. तिथे सेवेने स्वतःच जाहीर केले होते हे तिच्या प्रामाणिकपणाचे लक्षण. पण प्रत्येक देशातले प्रत्येक खाते दर वेळी इतके मोकळे असेल याची हमी कोण देणार? नकाशावर रोजचा फुगा दिसला नाही की त्या गावातला ऐकणारा विचारणारच, आज काय झाले म्हणून. जागतिक हवामान संघटनेने आता सदस्य देशांसाठी किमान निकष घातला आहे: जमिनीवर दर 500 किलोमीटरला एक केंद्र आणि दिवसातून दोनदा वरच्या हवेची मोजमापे. हा निकष पाळला जातो की नाही हे संघटनेच्या जिनिव्हातल्या अहवालांतून वर्षभराने कळण्यापेक्षा गावातल्या गच्चीवरून त्याच दिवशी कळणे केव्हाही चांगले.

या मांडणीवर पहिला आक्षेप कायद्याचा येईल, आणि तो पोकळ नाही. ब्रिटनच्या 2006 च्या वायरलेस कायद्यात स्वतःसाठी नसलेला संदेश जाणूनबुजून ऐकणे हा गुन्हा आहे. काटेकोर अर्थ लावला तर तिथला हा सारा छंद करड्या पट्ट्यात येतो, आणि तरी तो उघडपणे चालतो. आपल्याकडे तर ऐकण्याच्या आधी बाळगण्याचाच प्रश्न आहे. 1933 च्या कायद्याने वायरलेस यंत्र परवान्याशिवाय बाळगायलाही मनाई केली. एके काळी घरात साधा रेडिओ ठेवायलाही पोस्टातून परवाना काढावा लागे, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. 2023 च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी अधिकृत मान्यतेची तरतूद आहे, आणि सोबत लोकहितासाठी सूट देण्याचा अधिकारही केंद्राकडे ठेवला आहे. संदेशांच्या गोपनीयतेचा कायदा माणसामाणसांतल्या खासगी बोलण्याचे रक्षण करण्यासाठी असतो, आणि तो हवाच. पण इथे बोलणारी एक पेटी आहे आणि ती सांगते ते तापमान. जागतिक हवामान संघटनेच्या 2021 च्या धोरणानुसार मूलभूत मोजमापे देशांनी एकमेकांना मोफत आणि विनाअट द्यायची आहेत. जे आकडे आपले सरकार परदेशांना विनामूल्य देते, तेच स्वतःच्या नागरिकाने हवेतून ऐकले तर गुन्हा, हे तर्काला धरून नाही. म्हणून उपाय कायदा मोडण्याचा नाही, त्यातली सूट नेमक्या शब्दांत मागण्याचा आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. सैन्येही तोफांच्या माऱ्यासाठी वरच्या वाऱ्याची मोजमापे घेतात, अवेळी उडालेला फुगा सरावाची जागा दाखवून देऊ शकतो, असे म्हटले जाईल. पण सैन्यांनी यावर केव्हाच उत्तर शोधले आहे. वायसालाच्या याच पेटीची लष्करी आवृत्ती संदेश कूटबद्ध करून पाठवते आणि सुरुवातीचा काही काळ मौन पाळू शकते. ज्याला लपवायचे आहे तो लपवतो, आणि नागरी हवामान खात्याची पेटी उघडपणे बोलते कारण तिच्याजवळ लपवण्यासारखे काही नाही. उलट उघडपणाच सुरक्षेला मदत करतो. अमेरिकेने 4 फेब्रुवारी 2023 रोजी चीनचा फुगा पाडला आणि पाठोपाठ काही दिवसांत आकाशातल्या आणखी तीन वस्तूंवर क्षेपणास्त्रे डागली. त्या वस्तू बहुधा खासगी कंपन्यांच्या, करमणुकीच्या किंवा संशोधनाच्या होत्या, असे 16 फेब्रुवारीला खुद्द अध्यक्ष बायडेन यांनी सांगितले. त्याच दिवसांत इलिनॉयमधल्या एका हौशी गटाचा छोटा फुगा अलास्काच्या बाजूला संपर्काबाहेर गेला होता, आणि पाडलेल्यांपैकी एक तोच असावा अशी चर्चा झाली. आकाशात रोज काय उडते हे ज्यांना ठाऊक नसते त्यांना प्रत्येक ठिपका शत्रूचा वाटतो. आपल्याकडेही शेतात फुग्याचे अवशेष आणि वायरींची पेटी सापडली की गावात बॉम्बची अफवा उठते, पोलीस धावतात आणि मग कोणीतरी सांगते की ही हवामान खात्याची वस्तू आहे. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मोठे वैज्ञानिक फुगे सोडण्याचे केंद्र आहे. त्याची उपकरणे वाऱ्याबरोबर महाराष्ट्राच्या सीमेवरच्या जिल्ह्यांतही उतरू शकतात, म्हणून ते केंद्र आधी जाहीर निवेदन देते, वस्तूला हात न लावता पोलिसांना कळवण्याची विनंती करते आणि बक्षीसही देते. ही प्रथा शहाणपणाची आहे. हवामान खात्याने तिचा कित्ता गिरवायला हरकत नाही.

तिसरा आक्षेप जिवाच्या सुरक्षेचा आहे आणि तो सर्वांत गंभीर. पेटीच्या मागे धावणारा माणूस महामार्गावर मोबाइल पाहत गाडी हाकतो, कोणाच्या शेतात शिरतो, विजेच्या तारेवर अडकलेली दोरी ओढतो, रेल्वेरुळावर उतरतो. न फुटलेल्या फुग्यात हायड्रोजन असू शकतो, आणि बॅटरी लिथियमची असते. ऑक्टोबर 2025 मध्ये अमेरिकेत युटा राज्यावर एका प्रवासी विमानाच्या पुढच्या काचेला दीर्घकाळ तरंगणाऱ्या खासगी कंपनीच्या हवामान फुग्याची धडक बसली, तेव्हापासून फुग्यांबद्दलची काळजी वाढली आहे. पण तो अपघात फुगा सोडण्याच्या पद्धतीचा प्रश्न आहे, ऐकणाऱ्याचा नाही. उलट आपले ठिकाण सेकंदाला एकदा जाहीर करणारा फुगा मुका राहणाऱ्यापेक्षा सुरक्षितच. शोधाशोधीतल्या धोक्यांना उत्तर म्हणजे शिस्त: जमीनमालकाला विचारल्याशिवाय पाऊल नाही, तारेला आणि रुळाला हात नाही, गाडी एकाने चालवायची आणि नकाशा दुसऱ्याने पाहायचा. युरोपातली अनुभवी मंडळी हेच सांगतात. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या छंदाचा मोठा आणि मोलाचा भाग ऐकण्याचा आहे, त्यासाठी घराबाहेर पडावेच लागत नाही. शोधाशोध वगळली तरी वरचा एकही मुद्दा बाद होत नाही.

शेवटचा आक्षेप मराठी माणूस हटकून घेईल: पोटापाण्याचे प्रश्न सोडून हे खेळ कशाला? त्याचे उत्तर असे की रेडिओचा खेळ वाटणारा छंद अडचणीत कामी येतो हे आपण पाहिले आहे. 2004 च्या त्सुनामीत अंदमानशी संपर्क तुटला तेव्हा तिथे योगायोगाने असलेल्या हॅम मंडळींनी निरोप पोहोचवले. पण या उत्तरावरही फार विसंबायला नको, कारण उपयोग दाखवूनच छंदाला जगण्याचा हक्क मिळतो असे मानणे चुकीचे आहे. खरे उत्तर किमतीचे आहे. काही हजार रुपयांच्या सामानात भौतिकशास्त्र, भूगोल, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक एकाच टेबलावर आणणारा, आणि रोज दोनदा सरकारी खर्चाने नवा प्रयोग पुरवणारा, असा दुसरा शालेय उपक्रम शोधून सापडायचा नाही. अट एकच, तो प्रयोग ऐकायची मुभा हवी.

इथे भारताची स्थिती पाहावी. मुंबई, नागपूर, पणजीसह देशभरातून आपले हवामान खाते रोज फुगे सोडते. या मोजमापांच्या गुणवत्तेबद्दल परदेशी अंदाज केंद्रांनी अनेक वर्षे शंका घेतल्या होत्या. 2009 च्या सुमारास जीपीएसवर चालणाऱ्या पेट्या येऊ लागल्या आणि चित्र सुधारले. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने पिशारोटी सोंड नावाची देशी पेटीही बनवली. अभिमानाने दाखवावे असे हे काम आहे, पण ते दिसते कोणाला? युरोपवर ठिपक्यांनी गजबजलेला हौशी नकाशा भारतावर विरळ होतो. इथे फुगे उडत नाहीत असे नाही, ऐकणारे नाहीत. ऐकणारे नाहीत कारण कोणत्या वारंवारतेवर ऐकायचे, ऐकणे कायदेशीर आहे की नाही आणि पेटी सापडली तर काय करायचे, हे सामान्य माणसाला सांगणारा एकही सोपा कागद त्याच्या हाती पडत नाही.

तेव्हा मागणी मोठी नाही आणि खर्चाचीही नाही. दूरसंचार विभागाने हवामानाच्या पट्ट्यातले प्रसारण बिगरव्यापारी कारणासाठी नुसते ऐकणाऱ्या ग्राहक यंत्रांना स्पष्ट शब्दांत सूट द्यावी. हवामान खात्याने प्रत्येक केंद्राची फुगा सोडण्याची वेळ, वारंवारता आणि पेटीचा प्रकार आपल्या संकेतस्थळावर लावावा. पेटीवर त्या प्रदेशाच्या भाषेत, महाराष्ट्रात आणि गोव्यात मराठीत व कोकणीत, ही वस्तू काय आहे, ती धोक्याची नाही आणि सापडल्यास कोणाला कळवायचे हे छापावे. आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी, विज्ञान मंडळांनी परवानगीची वाट पाहत बसण्यापेक्षा ती लेखी मागावी. फुगा आपल्या पैशाने उडतो आणि त्याचे आकडे आपल्या पिकांचे, पाण्याचे, पुराचे भाकीत ठरवतात. ते आकडे ऐकण्याचा हक्क छंदिष्टांना मिळालेली सवलत म्हणून मोजू नये. नागरिकाला सरकारी हिशेब पाहण्याचा जो अधिकार आपण केव्हाच मान्य केला आहे, त्याचाच हा भाग आहे आणि सरकारने तो तसा जाहीर करावा.